आठ तास कोणाचे?

बहारीन या चिमुकल्या बेटावरील साखीरच्या वाळवंटात, नोव्हेंबर महिन्यातील एका शनिवारी दुपारी दोन वाजता पस्तीसच्या आसपास मोटारी एकदम सुटतात आणि रात्रीचे दहा वाजेपर्यंत अखंड धावत राहतात. जागतिक सहनशक्ती अजिंक्यपदाच्या, म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या मोटारशर्यतींच्या, हंगामाची ही अखेरची शर्यत. २०२० पासून २०२५ पर्यंत प्रत्येक हंगामाची सांगता याच ठिकाणी झाली. ५.४१२ किलोमीटरच्या वळणावळणाच्या मार्गावर दोनशेहून अधिक फेऱ्या, बाराशे किलोमीटरहून अधिक अंतर, एका मोटारीवर आळीपाळीने बसणारे दोन किंवा तीन चालक, वाळूत मावळणारा सूर्य, मग प्रखर दिव्यांचा झगमगाट आणि शेवटी जगज्जेतेपदाचा करंडक! या सोहळ्याचे नाव आहे ‘बहारीनचे आठ तास’.

‘आठ तास’ हे शब्द कानी पडताच श्रमिक चळवळीत वाढलेल्या माणसाने जरा थबकले पाहिजे. हे शब्द मोटारी बनविणाऱ्या कंपन्यांचे नव्हेत, ते आपले आहेत. १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी याच दोन शब्दांसाठी रक्त सांडले. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र आणून उगवतीपासून मावळतीपर्यंत चालणाऱ्या राबणुकीला मर्यादा मागितली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जो पहिला करार संमत केला, तो दिवसाला आठ तासांच्या कामाचाच होता. ज्या शब्दांमागे एवढा इतिहास उभा आहे, ते शब्द आता एका तेल कंपनीच्या नावाशी जोडून शर्यतीच्या फलकांवर झळकतात. या आठ तासांचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तोच येथे मागावयाचा आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. हा लेख मोटारशर्यतीच्या विरोधात नाही. ‘श्रीमंतांचे हे चोचले, आपल्याला त्यांच्याशी काय कर्तव्य?’ असे म्हणून पाठ फिरविणारे आपल्यातील काही मित्र स्वतःची सुटका फार स्वस्तात करून घेतात. या खेळात धनिकांचे चोचले आहेत, यात शंका नाही. शर्यतीच्या दुसऱ्या गटात प्रत्येक मोटारीवर एक हौशी चालक असलाच पाहिजे असा नियम आहे, आणि पुष्कळदा ही हौस कोणाच्या थैलीवर चालते हे सांगण्याची गरज नाही. परंतु त्याच मोटारीभोवती काही क्षणांत चाके बदलणारे मेकॅनिक असतात, रात्रभर जागून मोडलेला गिअरबॉक्स उभा करणारे कारागीर असतात, आकडेमोडीत बुडालेले अभियंते असतात आणि मार्गाच्या कडेला झेंडे घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक असतात. त्यांचे कौशल्य अस्सल आहे. माणसाच्या हातांनी घडविलेले यंत्र आठ तास सर्व शक्तीनिशी पळते आणि कोसळत नाही, याचे कौतुक समाजवाद्याने करू नये तर कोणी करावे? यंत्राशी आपले वैर कधीच नव्हते. यंत्रामागच्या माणसाला जो हिशेबात धरत नाही, त्या व्यवस्थेशी आपले वैर आहे.

आता या खेळाचे नियम पाहा. ते वाचले म्हणजे भांडवलशाही मनात आणील तर किती न्यायी होऊ शकते, याचे आश्चर्य वाटते! बंद मोटारीत बसणाऱ्या चालकाच्या कक्षात उष्णता किती वाढू द्यावयाची याला नियमांनी मर्यादा घातलेली आहे. याच मालिकेतील ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत कोणत्याही चालकाला सहा तासांच्या अवधीत चार तासांपेक्षा अधिक चालविता येत नाही आणि एकूण चौदा तासांच्या वर जाता येत नाही. थकलेला माणूस स्वतःला आणि इतरांना धोका असतो, हे शास्त्रीय सत्य येथे मुकाट्याने मान्य केले जाते.

याहून गमतीचा नियम पुढेच आहे. एखाद्या कंपनीची मोटार इतरांहून फार वेगवान ठरू लागली, तर संयोजक तिच्यावर जादा वजन लादतात, तिच्या इंजिनाची शक्ती कमी करतात. मागे पडणाऱ्यांना बरोबरीत आणण्याच्या या व्यवस्थेला ‘कामगिरीचा समतोल’ असे नाव आहे. दुसऱ्या गटात तर यश मिळविणाऱ्या मोटारीला पुढच्या शर्यतीत यशाचे ओझे म्हणून वजन वाहावे लागते. टोयोटा, फेरारी, बीएमडब्ल्यू यांसारख्या बलाढ्य कंपन्या कुरकुर करीत का होईना, हे सारे स्वीकारतात. मोकळी स्पर्धा ठेवली तर ज्याच्याजवळ पैसा अधिक तोच दर वेळी जिंकेल, इतर निघून जातील आणि खेळच संपेल, हे त्यांना पटले आहे. म्हणजे ज्या तत्त्वासाठी आपण आयुष्यभर ‘प्रगतीचे शत्रू’ म्हणून शिव्या खाल्ल्या, ते तत्त्व साखीरच्या मार्गावर बिनतक्रार राबविले जाते. फरक इतकाच की तेथे समतेचा लाभ कंपन्यांना होतो. तीच समता मजुराच्या वेतनात मागितली की लगेच बाजाराचे स्वातंत्र्य धोक्यात येते!

चालकाच्या घामाला नियम आहेत, यंत्राच्या वजनाला नियम आहेत. आता या साऱ्या सोहळ्याच्या पायाखालच्या जमिनीकडे वळू. साखीरचा मार्ग २००४ साली खुला झाला. त्यावर सुमारे पंधरा कोटी डॉलर खर्च आला. डांबरात मिसळावयाचा दगड इंग्लंडमधील श्रॉपशरच्या खाणीतून जहाजाने आणण्यात आला, कारण टायरला हवी तशी पकड तोच देतो. सभोवतालची वाळू उडून मार्गावर येऊ नये म्हणून तिच्यावर चिकट द्रव्य फवारण्यात आले. दगड कोणत्या खाणीतला, हे नोंदलेले आहे. तो दगड त्या उन्हात पसरणारे हात कोणाचे, हे मात्र या मार्गाच्या कोणत्याही कौतुकपर वर्णनात वाचावयास मिळत नाही. बहारीनमधील बांधकामावर कोण राबते हे जगजाहीर आहे. देशाच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक परदेशी आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा समूह भारतीयांचा आहे. विटा, सळया आणि सिमेंट यांच्याशी झुंजणारे हात भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळ येथून आलेले असतात.

या मजुरांना कामावर बांधून ठेवणाऱ्या पद्धतीला आखातात ‘कफाला’ म्हणतात. मालकाने जामीन राहावे आणि मजुराने त्या मालकाचेच होऊन राहावे, अशी ही रीत. बहारीनच्या बाजूने जे सांगता येईल ते प्रथम सांगितले पाहिजे. २००९ साली तेथील सरकारने ही पद्धत रद्द केल्याची घोषणा केली. आखातात असे करणारा तो पहिला देश, आणि त्या वेळच्या श्रममंत्र्यांनी कफालाची तुलना गुलामगिरीशी केली होती. मजुराला मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची मोकळीक मिळाली. परंतु दोनच वर्षांत, २०११ साली, नवा कायदा आला आणि पहिल्या मालकाकडे एक वर्ष काढल्यावाचून ती मोकळीक नाही असे ठरले. परमुलखात पहिलेच वर्ष सर्वांत कठीण असते. कर्ज काढून आलेला, भाषा न जाणणारा माणूस याच वर्षात नाडला जातो, आणि नेमका याच वर्षापुरता त्याचा हक्क काढून घेण्यात आला. २०१२ च्या श्रम कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा मान्य केली. पण घरकाम करणाऱ्या स्त्रियांना ही मर्यादा लागू केली नाही. म्हणजे ज्या देशाच्या नावाने ‘आठ तास’ जगभर दाखविले जातात, त्याच देशात घराच्या चार भिंतींआड राबणाऱ्या बाईच्या दिवसाला किती तास असावेत, यावर कायदा मूग गिळून बसला.

ऐन उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करण्यास तेथे बंदी आहे, हेही खरे. २००७ पासून जुलै आणि ऑगस्ट महिन्यांत दुपारी बारा ते चार काम बंद ठेवण्याचा नियम आहे आणि २०२५ साली ही मुदत वाढवून तीन महिन्यांची करण्यात आली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु चालकाच्या कक्षातील उष्णता मोजण्यासाठी तेथे यंत्र बसविलेले असते आणि मर्यादा ओलांडली तर मोटारीवर कारवाई होते. मजुराच्या डोक्यावरचे ऊन पंचांग पाहून मोजले जाते. जूनच्या पहिल्या आठवड्यातील ऊन जुलैतल्या उन्हाहून सौम्य असते, असा शोध सूर्याला अद्याप लागलेला नाही!

या शर्यतीच्या नावाआधी अलीकडच्या वर्षांत ‘बॅप्को’ हा शब्द लागतो. बॅप्को म्हणजे बहारीनची सरकारी तेल कंपनी. तिची ओळख करून घेतल्यावाचून या आठ तासांचा अर्थ उमगणार नाही. १९३२ साली बहारीनच्या जबल दुखान टेकडीपाशी तेल लागले. आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचे ते पहिले तेल. त्याआधी हे बेट मोत्यांवर जगत असे, आणि मोती काढणारे पाणबुडे नाखव्याच्या आगाऊ रकमेत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले असत. तेलाने मोत्यांचा धंदा मागे टाकला. पण मालक आणि श्रमिक यांचे नाते त्याने बदलले काय? बॅप्को त्या वेळी अमेरिकन भांडवलाची होती, आणि १९३८ सालीच तेथील तेल कामगारांनी संपाचे हत्यार उपसले. मार्च १९६५ मध्ये कंपनीने शेकडो कामगारांना एकदम घरी बसविले, तेव्हा साऱ्या बेटावर असंतोषाचा वणवा पेटला. बहारीनच्या इतिहासात तो ‘मार्चचा उठाव’ म्हणून ओळखला जातो. पुढे कंपनी सरकारच्या मालकीची झाली. मालकी बदलली म्हणजे कामगाराचे दिवस पालटतात, असे मानणाऱ्यांनी २०११ सालाकडे पाहावे.

१४ फेब्रुवारी २०११ रोजी बहारीनची जनता रस्त्यावर आली. राजधानी मनामामधील मोत्याच्या स्मारकाचा चौक हे त्या चळवळीचे केंद्र बनले. तीनच दिवसांनी पहाटे झोपलेल्या लोकांवर पोलीस तुटून पडले. मार्चमध्ये शेजारच्या सौदी अरेबियातून फौजा पुलावरून बेटावर उतरल्या, आणीबाणी पुकारण्यात आली आणि १८ मार्चला ते स्मारकच जमीनदोस्त करण्यात आले. देशातील कामगार संघटनांच्या महासंघाने सार्वत्रिक संपाची हाक दिली होती. तिचा सूड असा उगवला गेला की सरकारी आणि खासगी मिळून चार हजारांहून अधिक कामगारांना व कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढण्यात आले. त्यांत बॅप्कोचे शेकडो कामगार होते आणि त्यांच्या युनियनचे पुढारीही होते. साखीरच्या शर्यतमार्गावर काम करणाऱ्या नोकरांपैकीही कित्येकांना अटक झाली. हे आमचे आरोप नव्हेत. राजानेच नेमलेल्या आणि न्यायशास्त्रज्ञ शरीफ बसियूनी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने नोव्हेंबर २०११ मध्ये जो अहवाल दिला, त्यात कामगारांच्या या हकालपट्टीची आणि कोठडीतील छळामुळे झालेल्या पाच मृत्यूंची नोंद आहे.

त्या वर्षीची मार्चमधील फॉर्म्युला वन शर्यत रद्द झाली. ती रद्द झाल्याचे कोणी जाहीर केले? क्रीडा संघटनेने नव्हे, तर युवराजांनी. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, ती पुन्हा भरली, तेव्हा सारा देश एकदिलाने उत्सव करीत असल्याची घोषणा तिच्या फलकांवर होती. शर्यतीच्या ऐन तोंडावरच निदर्शकांपैकी एकाचा बळी गेला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये सहनशक्तीची शर्यत प्रथमच तेथे धावली आणि २०१३ पासून हंगामाचा शेवट तेथे करण्याचा पायंडा पडू लागला. २०१७ साली फॉर्म्युला वनवर टीका करणारा मजकूर प्रसिद्ध केल्यावरून एका स्त्रीला अटक झाली आणि पुढे तिला तीन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने ही स्थानबद्धता मनमानी ठरविली. २०१९ साली तिची सुटका झाली. शर्यतीला विरोध करणे हा ज्या देशात गुन्हा ठरू शकतो, तेथे शर्यत हा केवळ खेळ राहत नाही.

आणि तरीही दर वर्षी तेच पालुपद ऐकू येते की ‘खेळात राजकारण आणू नका’. शर्यतीचा मार्ग राजसत्तेच्या मालकीचा, पुरस्कर्ती सरकारी तेल कंपनी, आश्रयदाते युवराज, रद्द करण्याचा निर्णयही त्यांचाच! यात राजकारण आणावयास बाकी कोठे राहिले आहे? राजसत्तेने केलेले राजकारण ‘आतिथ्य’ ठरते आणि नोकरीवरून काढलेल्या कामगाराने केलेला प्रश्न ‘राजकारण’ ठरतो, एवढाच या पालुपदाचा अर्थ आहे. या शर्यतींमुळे पर्यटन वाढते, रोजगार वाढतो, असेही सांगितले जाते. वाढतही असेल. पण मजुराला रोजगार दिला म्हणून त्याचे तोंड बांधण्याचा हक्क मिळतो, हे तत्त्व आम्ही मुंबईच्या गिरणीमालकांकडून ऐकून घेतले नाही. मग साखीरच्या मालकांकडून का ऐकून घ्यावे?

आता मोटारी बनविणाऱ्या कंपन्यांकडे पाहू. त्यांच्या दृष्टीने ही शर्यत म्हणजे एक फिरते जाहिरातपत्र आहे. जर्मनीच्या ऑडी कंपनीने २००६ साली डिझेलवर चालणाऱ्या मोटारीने ल मांची शर्यत जिंकून डिझेलच्या स्वच्छतेचा डांगोरा पिटला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले की ऑडी ज्या फोक्सवॅगन समूहाची आहे, त्या समूहाने डिझेल मोटारींत धुराच्या चाचणीला फसविणारी यंत्रणा बसविली होती. सुमारे वर्षभरानंतर ऑडीने या अजिंक्यपदातून माघार घेतली. तिची अखेरची शर्यत नोव्हेंबर २०१६ मध्ये बहारीनलाच झाली आणि पहिले दोन क्रमांक तिनेच पटकावले. समारंभ झोकात झाला. पोर्शने दोनदा, २०१७ आणि २०२५ मध्ये, याच मार्गावर निरोप घेतला. त्याच २०२५ साली पोर्शने आपल्या जर्मनीतील दोन केंद्रांत १,९०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. शर्यतीच्या मोटारीचा निरोपसमारंभ जगाने पाहिला. नोकरी जाणाऱ्यांसाठी झेंडा दाखविणारा कोणी नसतो.

२०२२ पासून या शर्यतीत एक नवे पुण्यकर्म सुरू झाले आहे. मोटारींचे इंधन फ्रान्समधील द्राक्षमद्याच्या गाळापासून आणि चोथ्यापासून बनविले जाते. पृथ्वीवरील प्रदूषणाचा भार त्यामुळे हलका होतो, असे ते पुरविणारी तेल कंपनी सांगते. इंधन नवे निघाले ही गोष्ट चांगलीच आहे. पण चोथ्याच्या इंधनावर धावणाऱ्या मोटारीच्या माथ्यावर खनिज तेलाच्या कंपनीचे नाव असावे, हा विनोद कोणाच्याच लक्षात येऊ नये काय? निसर्गाशी नवे नाते जोडणारे हे लोक माणसाशी असलेले जुने नाते जसेच्या तसे ठेवू पाहतात. द्राक्षाच्या चोथ्यालाही किंमत आली. पिळून घेतलेल्या माणसाची किंमत मात्र कोणी फेरमोजणी करून पाहिली नाही.

वाचक विचारतील की हे सारे खरे असले तरी बहारीन कोठे आणि आपण कोठे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातच आहे. ब्रिटिश अमदानीत बहारीनचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या अधिकाऱ्यांमार्फत पाहिला जाई, तेथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि १९६५ पर्यंत तेथे रुपयाच चालत होता. खेड, दापोली, चिपळूण, मंडणगड या भागांत अशी गावे आहेत जेथे घराघरांतून आखाताला माणूस गेलेला आहे. गावातली पक्की घरे त्या माणसाच्या घामावर उभी राहिली, आणि आई-बापाच्या अंत्यविधीला वेळेवर न पोहोचल्याचे दुःखही त्याच घरांनी सोसले. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावीपर्यंत न शिकलेल्या मजुराने ज्या अठरा देशांत जाताना सरकारची मंजुरी घ्यावयाची, त्यांत बहारीन आहे. परदेशातील मालकाने या मजुरांना निदान किती वेतन द्यावे, याचा दरही आपले सरकार ठरविते. सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीने मजूर आधीच उद्‌ध्वस्त झालेला असताना, आपल्या सरकारने आखाती देशांसाठी हा दर सुमारे तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणला. ओरड झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ साली जुना दर पुन्हा लागू करावा लागला. आपल्याच माणसाचा भाव आपणच पाडावयाचा आणि मग परक्या मालकाच्या निर्दयतेबद्दल अश्रू ढाळावयाचे, हे ढोंग आहे.

ढोंगाची परिसीमा मात्र याहून जवळ झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास संमती दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, अशी मखलाशी सोबत आहेच. ज्याला उद्या कामावर ठेवावयाचे की नाही हे मुकादमाच्या हाती आहे, त्या कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांना शिकविण्याची गरज नाही. लोखंड्यांच्या महाराष्ट्रात हे घडावे! साखीरच्या मोटारी आठ तास धावून थांबतात, त्यांची तपासणी होते, त्यांना विश्रांती मिळते. आपल्या कामगाराने मात्र त्यानंतरही चार तास धावत राहावे, असा हा संकल्प आहे. बहारीनच्या राज्यकर्त्यांना बोल लावण्यापूर्वी हा आरसा आपल्यापुढे धरला पाहिजे. त्यांच्यावरील टीका मागे घेण्यासाठी नव्हे, तर तिला नैतिक बळ यावे म्हणून.

मग करावयाचे काय? शर्यतीवर बहिष्कार टाका, दूरदर्शन संच बंद करा, असे सांगून आम्ही मोकळे होणार नाही. तशा बहिष्काराने ना कंपनीचे काही बिघडेल, ना मजुराचे काही सुधारेल. २०११ नंतर जे घडले त्यातून आपण धडा घेतला पाहिजे. अमेरिकेतील कामगार महासंघाने बहारीनशी झालेल्या व्यापार कराराचा आधार घेऊन तक्रार दाखल केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेपुढे प्रकरण गेले. त्या रेट्यामुळे मार्च २०१२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, २०१४ मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली आणि काढून टाकलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा कामावर घ्यावे लागले. न्याय पुरता झाला नाही, हे खरे. पण दबाव व्यर्थ जातो असे म्हणणाऱ्यांना याहून ठोस उत्तर नाही. ज्या सत्तेला जगात मिरवावयाचे असते, तिला जगाची नजर झोंबते. शर्यत हे तिचे भूषण आहे आणि तेच तिचे मर्मस्थानही आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. शर्यतीचा करार करताना जसा मार्गाच्या रुंदीचा, रुग्णालयाच्या अंतराचा आणि इंधनाच्या प्रतीचा आग्रह धरला जातो, तसाच तेथे राबणाऱ्या प्रत्येक मजुराच्या संघटनास्वातंत्र्याचा, वेळेवर वेतनाचा आणि आठ तासांचा आग्रह धरला जावा. ही मागणी करण्याची ताकद कोणाजवळ आहे? सर्वांत आधी मोटार कारखान्यांतील कामगारांजवळ. जर्मनीच्या १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्यांच्या हातची मोटार कोणाच्या घामाने भिजलेल्या मार्गावर धावते, हा प्रश्न म्युनिकमधील प्रतिनिधींनी बैठकीत विचारला, तर त्याला उत्तर द्यावेच लागेल. आपल्या कामगार संघटनांनी तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचविला पाहिजे. आणि येथे, घरी, परदेशी जाणाऱ्या मजुराच्या किमान वेतनाचा दर पुन्हा कधी गुपचूप खाली आणला जाणार नाही यासाठी, तसेच बारा तासांच्या दिवसाविरुद्ध, आपल्यालाच उभे राहिले पाहिजे. कोकणात काम करणाऱ्या साथींनी आखाती मजुरांची कुटुंबे संघटित करण्याचे काम आजवर जवळजवळ केलेलेच नाही. ही उणीव आपली आहे. तिचे खापर कोणा युवराजाच्या माथी फोडता येणार नाही.

या खेळाला ‘सहनशक्तीची शर्यत’ म्हणतात. चालकाची सहनशक्ती आठ तास पाहिली जाते, आणि तीही वाटून, थंडावा देऊन, मध्ये उतरवून. ज्याने कर्ज काढून समुद्र ओलांडला, पहिल्या मालकाकडे वर्ष काढले, दुपारच्या उन्हात डांबर पसरले आणि घरी पैसे पाठवून पुन्हा कामावर उभा राहिला, त्याच्या सहनशक्तीला ना झेंडा आहे ना करंडक. त्याला करंडक नकोच आहे. त्याला त्याचे आठ तास हवे आहेत, आणि ते मागताना कोणी तुरुंगात टाकणार नाही एवढी हमी. येत्या कोणत्याही हंगामाच्या शेवटी साखीरचे दिवे लागतील तेव्हा मोटारी अवश्य पाहाव्या. त्यांच्या चाकांखालचा रस्ताही पाहावा.